नंतरच्या गोळीची पूर्वपीठिका

'नंतर' हा शब्द संततिनियमनाच्या वाङ्मयात फार उशिरा आला. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी लंडनला आपले केंद्र उघडले. पण दोन्ही ठिकाणी शिकवली जाणारी सगळी साधने 'आधी'ची होती. रबरी टोपी, पिशवी, क्विनीनच्या वड्या, जे काय करायचे ते आधी. ज्यांच्याकडून आधी काही झाले नाही, किंवा जिला आधी कुणी विचारलेच नाही, तिला द्यायला शास्त्राजवळ काही नव्हते. ही रिकामी जागा भरायला पुढे जवळजवळ अर्धशतक लागले, आणि ती भरल्यावरही आपल्या भागातल्या बाईपर्यंत ती बातमी पोचायला आणखी तीस-पस्तीस वर्षे गेली. त्या उशिराची हकिगत सांगावी म्हणून हा लेख.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, डॉक्टर तर नाहीच. १९८९ ते २०२२ अशी तेहतीस वर्षे बेळगावात औषधाच्या दुकानात उभा राहिलेला फार्मसिस्ट आहे. समोरच्या फळीवरून कोण काय मागते, कुठल्या आवाजात मागते, आणि कोण नुसतेच खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत जाते, एवढेच मला ठाऊक. बाकीचे वाचून जमवलेले.

कर्व्यांपासून सुरुवात करणे भाग आहे. अण्णासाहेब कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२चा. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. पुढे गणित शिकले, पॅरिसला जाऊन आले, विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि संततिनियमनाचा उघड प्रचार करतात म्हणून ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. सव्वीस वर्षे! आजच्या दिवाळी अंकांच्या संपादकांनी या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्या मासिकात सरळ भाषेत उत्तरे छापली जात, आणि नेमकी तीच उत्तरे कायद्याला अश्लील वाटत. १९३१ साली शंभर रुपये दंड झाला, १९३४ साली दोनशे. दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला. पण शरीराविषयी विचारलेल्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देणे अश्लील कसे, हा मुद्दा मुंबईच्या कोर्टात एकदा मांडला गेला तो कायमचा.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध तिथेच संपत नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई कायदेमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्याचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. त्या वेळी आपला बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता, तेव्हा त्या नकाराचे आपणही वारसदार. गंमत अशी की, ज्या म्हैसूर राज्यात आपल्याला १९५६ साली घालण्यात आले, त्या म्हैसूरच्या संस्थानी सरकारने १९३० सालीच सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली होती. सरकारने स्वतः अशी केंद्रे चालवण्याचे जगातले ते पहिले उदाहरण म्हणून सांगितले जाते. सीमावादात आपण नेहमी एकाच बाजूने हिशेब मांडतो म्हणून हे मुद्दाम लिहिले. लोकांच्या मुंबईने नाकारलेली गोष्ट राजाच्या म्हैसूरने आठ वर्षे आधी केली होती.

आता 'नंतर'कडे येतो.

शास्त्राने जागा रिकामी ठेवली म्हणून लोकांनी ती तशीच ठेवली असे नव्हे. कच्ची पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा, गरम पडेल ते सगळे. उड्या मारणे, जड उचलणे. यातले बहुतेक निरुपयोगी, पण निदान जिवावर बेतणारे नाही. त्याच्यापुढे मात्र काड्या, मुळ्या आणि गल्लीबोळातली माहितगार म्हातारी. १८६०च्या दंडसंहितेने गर्भपात गुन्हा ठरवला होता, त्यामुळे बाई बिघडली तरी इस्पितळात न्यायची सोय नव्हती. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली केंद्राने समिती नेमली ती याच मरणांमुळे, आणि तिच्या अहवालावरून १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला.

कायदा आला तरी इस्पितळाची पायरी चढणे सोपे नव्हते. तेव्हा बाया औषधाच्या दुकानात येत आणि 'पाळी यायची गोळी' मागत. या गोळीचा इतिहास फार थोड्यांना माहीत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरके मोठ्या मात्रेत एकत्र करून केलेल्या या गोळ्या. मूळ उपयोग गर्भ आहे की नाही हे तपासण्याचा: गोळी घ्या, थांबवा, पाळी आली तर गर्भ नव्हता, नाही आली तर आहे. लघवीच्या साध्या तपासण्या आल्यावर या गोळीचे काम संपले होते. १९६७ साली इंग्लंडमध्ये डॉ. इझाबेल गाल यांनी अशा गोळ्या आणि अर्भकांतील जन्मदोष यांच्या संबंधाची शंका प्रसिद्ध केली. तो कार्यकारणभाव खरा की नाही यावर तिकडे आजतागायत वाद आहे. २०१७ साली एका तज्ज्ञ समितीने पुरावा पुरेसा नाही म्हटले, २०२०च्या दुसऱ्या चौकशीने ही गोळी फार आधीच बाजारातून काढायला हवी होती म्हटले. काही असो, तिथे ती १९७८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र तिचा खप होता तो वेगळ्याच समजुतीवर. पाळी चुकलेली बाई ती गर्भ पडेल म्हणून घेई. गर्भ तिने पडत नसे. म्हणजे नको असलेला गर्भ राही, आणि वर ज्या औषधाबद्दल शंका होती ते औषध पोटात गेलेले.

१९८२ साली औषध नियंत्रकांनी बंदीचा हुकूम काढला. कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या, स्थगिती मिळाली. स्त्रियांच्या संघटना, आरोग्य कार्यकर्ते, काही डॉक्टर यांनी प्रश्न लावून धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९८७ साली मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. एका गोळीसाठी जाहीर सुनावणी, हे या देशात तेव्हा नवीनच. अखेर १५ जून १९८८ रोजी अधिसूचना निघाली आणि ठरावीक मात्रेवरची ही जोडगोळी बंद झाली.

मी काउंटरवर उभा राहिलो तो त्यानंतरच्या वर्षी. गोळी गेली होती, पण तिचे नाव गेले नव्हते. पुढची सात-आठ वर्षे तरी खेड्यातून आलेली माणसे ते जुने नाव कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून आणत. येत ते बहुधा पुरुष. बाईचे वय विचारले की गप्प, किती दिवस झाले विचारले की गप्प. आणि त्या चिटोऱ्याऐवजी द्यायला माझ्याकडे काही नव्हते. 'डॉक्टरीणबाईंकडे पाठवा' एवढेच मी सांगू शकत होतो.

खरे तर द्यायला होते! हाच तो विलक्षण भाग. कॅनडातील डॉ. आल्बर्ट युझ्पे यांनी सत्तरच्या दशकात दाखवले होते की, नेहमीच्या संततिप्रतिबंधक गोळ्यांपैकी जरा जोरकस गोळ्या संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत दोन, आणि बारा तासांनी पुन्हा दोन घेतल्या तर गर्भ राहण्याचा संभव बराच कमी होतो. त्याच्या आधी, साठच्या दशकाच्या मध्याला, नेदरलँड्समध्ये बलात्कार झालेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीला इस्ट्रोजेनची मोठी मात्रा देण्यात आली होती. कुत्री-घोड्यांच्या डॉक्टरांची ही युक्ती माणसांच्या डॉक्टरांनी उचलली. पाठोपाठ अमेरिकेत येल विद्यापीठातील मॉरिस आणि व्हॅन वागेनन यांनी १९६६ साली आपले निष्कर्ष मांडले. इस्ट्रोजेनच्या त्या मात्रेने मळमळ आणि उलट्यांनी जीव नकोसा होई. युझ्पे यांच्या पद्धतीत तो त्रास कमी झाला, आणि मुख्य म्हणजे तीत लागणारे औषध कुठल्याही दुकानात होते. आमच्याही. १९८७ पासून सरकार ज्या 'माला-डी'ची जाहिरात करत होते तिच्यातही तेच लेव्होनॉरजेस्ट्रेल होते. कमी होते ते फक्त वाक्य, 'नंतरही घेता येते' हे. ते वाक्य ना पाकिटावर होते, ना आम्हाला कॉलेजात शिकवले गेले, ना भिंतीवरच्या लाल त्रिकोणाखाली.

ते का नव्हते, याला एकच खलनायक शोधून काढणे मला पटत नाही. सरकारला माणशी किती शस्त्रक्रिया झाल्या ते मोजायचे होते. १९७५ ते ७७च्या आठवणी ताज्या होत्या. स्त्री-संघटनांचा संप्रेरकांवर विश्वास नव्हता, आणि का असावा? जोडगोळीचा लढा त्या नुकत्याच लढल्या होत्या, नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध १९८६ पासून सर्वोच्च न्यायालयात होत्या. डॉक्टरांना वाटे, असे काही सांगितले तर लोक त्याचाच रतीब घालतील. प्रत्येकाचे कारण आपापल्या जागी समजण्यासारखे, आणि सगळ्यांचे मिळून फळ मौन.

हंगेरीच्या एका कंपनीने १९८०च्या सुमारास फक्त लेव्होनॉरजेस्ट्रेलची स्वतंत्र गोळी काढली होती. ती जुन्या पद्धतीहून सरस आहे हे निर्विवाद ठरले ते जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने. ही चाचणी ऑगस्ट १९९८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली, आणि योगायोग असा की तिच्यातल्या स्त्रियांची संख्याही १९९८च होती. युझ्पे पद्धतीने शंभरांत तिघींना गर्भ राहिला, नव्या गोळीने एकीला. उलट्या जुन्या पद्धतीत शंभरांत एकोणीस, नव्यात सहा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळेचा हिशेब: पहिल्या चोवीस तासांत घेतली तर अपेक्षित गर्भांपैकी ९५ टक्के टळले, दुसऱ्या दिवशी ८५, तिसऱ्या दिवशी ५८. म्हणजे बहात्तर तास ही मुदत आहे खरी, पण बँकेच्या हप्त्याच्या शेवटच्या तारखेसारखी नव्हे. ती दर तासाला थोडी थोडी संपत असते. २००२ साली आणखी एका मोठ्या चाचणीने पाऊण मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घेण्याऐवजी दीड मिलिग्रॅम एकदम घेतले तरी चालते हे दाखवले, आणि रात्री दोन वाजता गजर लावून उठण्याची भानगड संपली.

भारतात ही गोळी २००२ साली सरकारी कार्यक्रमात आली, चिठ्ठीवर. २००५ साली चिठ्ठीची अट निघाली. २००७ साली सिपलाने 'आय-पिल' आणली, साधारण पंचाहत्तर रुपयांना एक, आणि दूरदर्शनच्या पडद्यावर अचानक ती गोष्ट बोलली जाऊ लागली जी कर्व्यांनी बोलल्याबद्दल दंड भरला होता. २०१० साली ते नाव पिरामल कंपनीने ९५ कोटींना विकत घेतले. मौनाकडून थेट जाहिरातीकडे अशी ही उडी. मध्ये जे सांगणे-समजावणे व्हायला हवे होते तेवढे राहून गेले. तामिळनाडूत याची उलट प्रतिक्रिया अशी उमटली की कित्येक वर्षे तिथल्या दुकानांत ही गोळी मिळणे दुरापास्त झाले, केंद्राने ती चिठ्ठीशिवाय द्यायला परवानगी दिलेली असूनही.

आमच्या काउंटरवर काय झाले ते सांगतो. २००८ नंतर मागणारे वाढले, आणि त्यात बायाही आल्या. माझी पत्नी दुपारी दोन ते पाच गल्ल्यावर बसत असे, तेव्हा मी जेवायला जाई. थोड्याच महिन्यांत माझ्या लक्षात आले की या गोळ्यांचा बहुतेक खप त्या तीन तासांतला आहे. मग मी जेवण लांबवू लागलो. येणाऱ्यांत शिनोळी, चंदगडकडच्या बाया बऱ्याच. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळे बेळगावला, तसे हेही. गावच्या दुकानदाराला सासरे ओळखतात, इथे कोण ओळखतो? सीमारेषेचा एवढा एक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे.

गोंधळही पाहिला. लोकांच्या मनात 'गोळी' एकच होती, आणि दुकानात तोवर तीन झाल्या होत्या. एक रोजची, एक नंतरची, आणि एक गर्भपाताची. मिफेप्रिस्टोनला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली आणि २००८ साली मिसोप्रोस्टॉलसह त्याचे एकत्र पाकीट आले. हे शेवटचे औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. नंतरची गोळी हवी असणारा माणूस 'पाडायची गोळी द्या' म्हणे, आणि दोन महिने झालेल्या बाईचा नवरा 'ते जाहिरातीतले द्या' म्हणे. जुन्या जोडगोळीची सावलीच ती. पाळी चुकल्यावर नंतरच्या गोळीचा काही उपयोग नाही, हे ऐकल्यावर कित्येकांच्या चेहऱ्यावर आम्ही मुद्दाम माल लपवतोय असा भाव असे.

म्हणून ही गोळी करते काय आणि करत नाही काय, ते या निमित्ताने साध्या मराठीत मांडतो. ती स्त्रीबीज बाहेर पडणे पुढे ढकलते. शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. तेवढ्या अवधीत त्यांना बीज भेटले नाही की गर्भ राहत नाही. बीज आधीच सुटले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही, त्याला अपायही करत नाही. यावरूनच बाकीचे नियम निघतात. जितकी लवकर तितकी बरी. सकाळची वाट पाहू नये. बीज पुढे ढकलले गेले आहे, म्हणजे ते अजून यायचे आहे, तेव्हा गोळी घेतल्यावर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर तिचे संरक्षण नाही. निरोध वापरलाच पाहिजे. घेतल्यापासून दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर मात्रा पुन्हा घ्यावी लागते. पुढची पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होते, त्याने घाबरायचे कारण नाही. मात्र आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करावी, आणि ओटीपोटात एका बाजूला जोराचे दुखू लागले तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल, किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखे काही, तर ही गोळी कमी पडते. तेव्हा दुकानदाराला नाही तरी डॉक्टरला ते सांगावे. वजन फार असेल तरीही तिचा जोर कमी होतो असे दिसले आहे. गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही. नेहमीचे साधन म्हणून ती कामाची नाही, कारण त्या मानाने ती अपुरी पडते आणि पाळीचे वेळापत्रक विस्कटते. पण दोन-चारदा घेतली म्हणून वांझपण येते, ही समजूत निराधार आहे. ही समजूत मी शिकलेल्या घरांत जास्त ऐकली.

आणखी एक साधन आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात कुणाला फारसे सुटत नसावे. तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती कुठल्याही गोळीहून खात्रीची, शंभरांत नव्याण्णवांहून अधिक. १९७६ सालापासून हे माहीत आहे. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात आणि वर पुढची कैक वर्षे काळजी मिटते.

आता सगळ्यांत अवघड भागाकडे येतो. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिच्यासाठी तर नेदरलँड्समध्ये या औषधाची सुरुवात झाली होती. आपल्याकडे तो हक्क कागदावर यायला दिल्लीचे डिसेंबर २०१२ उजाडावे लागले. २०१३च्या दुरुस्तीने प्रत्येक इस्पितळावर, सरकारी असो वा खासगी, अशा स्त्रीवर ताबडतोब मोफत उपचार करण्याची सक्ती आली. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती कायम आहे. २०१४ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत ही गोळी स्पष्टपणे नमूद आहे. फिर्याद आधी, उपचार मागून, असा क्रम कुठेही लिहिलेला नाही.

पण आपल्या भागात 'हद्द' नावाची गोष्ट आहे. गाव एका राज्यात, शेत दुसऱ्या राज्यात, घटना मधल्या रस्त्यावर. शून्य क्रमांकाने फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे २०१३ पासून वारंवार बजावले गेले आहे. तरीही एकदा एक वयस्क गृहस्थ दुपारी आमच्या दुकानात आले, नात्यातल्या मुलीसाठी. एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात, तिथून एका दवाखान्यात, तिथे कागद नाहीत म्हणून परत, अशी त्यांची दीड दिवस फरफट झाली होती. गोळीबद्दल त्यांना वाटेत कुणी सांगितले नव्हते. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईने सांगितले. माझ्या पत्नीने पाकीट दिले, पैसे घेतले नाहीत, आणि मुलीला कुठल्या इस्पितळात न्यायचे, तिथे काय काय मागायचे ते कागदावर लिहून दिले. पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही. बहात्तरांतले छत्तीस तास कुणी खाल्ले याचा हिशेब कुठल्याच राज्याच्या दप्तरात नसणार.

२०११ साली केंद्राने आशाताईंमार्फत ही साधने घरपोच द्यायला सुरुवात केली. नंतरच्या गोळीला दोन रुपये. पंचाहत्तर आणि दोन, मधला फरक पाहा. ज्या गावात आशाताई धीट आहे तिथे ती गोळी पोचते. जिथे ती त्याच गल्लीची सून आहे तिथे तिच्या पिशवीत लोह आणि ओआरएस वर राहतात आणि ही पाकिटे तळाशी. याबद्दल तिला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. कर्व्यांच्या सहकारी शकुंतलाबाई परांजपे यांनी पुण्यात दारोदार जाऊन हे काम केले, पुढे त्या विधानपरिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. पण त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या होत्या. तशी पाठराखण आपल्या आशाताईला कुणाची?

राहता राहिला पाकिटातला कागद. तो आमच्याकडे येई बहुधा इंग्रजीत, फार तर हिंदीत, डोळ्यांना भिंग लावून वाचावा अशा अक्षरांत. सरकारी पत्रके कन्नडमध्ये. मराठी वाचणाऱ्या बाईने करावे काय? पत्नीने वहीच्या पानावर सात-आठ ओळी लिहिल्या, एका बाजूला मराठी, मागे शेजारच्या मास्तरांकडून कन्नड करून घेतले, आणि झेरॉक्स काढून प्रत्येक पाकिटाबरोबर एक घडी द्यायला लागली. लिहिताना पहिली अडचण आली ती नावाची. 'आपत्कालीन गर्भनिरोधक' म्हटले तर ऐकणारी घाबरते. काही मासिकांत 'सकाळची गोळी' असे भाषांतर वाचले होते, ते तर घातकच. एक बाई खरोखरच शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत थांबली होती. शेवटी आम्ही नावाची जागा रिकामी सोडली.

ती गिऱ्हाइकांनीच भरली. बाजारातल्या एका पाकिटाच्या नावात ७२ हा आकडा आहे. आपल्याकडे कन्नडच्या संगतीने गोळीला 'गुळगी' म्हणतातच. दोन-तीन वर्षांत दुपारच्या वेळी फळीवर हात ठेवून, इकडेतिकडे बघून बाया हलक्या आवाजात म्हणू लागल्या, "वैनी, बहात्तरची गुळगी हाय काय?" दुकान आता पुतण्या चालवतो, दुपारी दोन ते पाच त्याची बायको बसते.